दातातली काडी

मोहबोडीच्या थांब्यावर बसमधून उतरलं की पहिलं दुकान लागतं ते नूर मोहम्मद यांचं. दुकानाला पाटी नाही. दारापुढं चिखलानं माखलेल्या पाण्याच्या मोटरी वऱ्हाडातल्या पाहुण्यांसारख्या ओळीनं बसलेल्या असतात आणि आतून वार्निशचा असा वास येतो की डोळे झाकून आलेला माणूसही दुकान चुकायचा नाही. सावली गावापासून थेट वैनगंगेच्या काठापर्यंत कुणाचीही मोटर जळली की ती इथं येते. नूरभाऊ ती उघडतात, काळी पडलेली तार कापून काढतात आणि लाकडी फर्म्यावर नवी तांब्याची तार गुंडाळायला बसतात. एका वेटोळ्याला अठ्ठावन्न फेरे म्हणजे अठ्ठावन्नच. एक कमी नाही, एक जास्त नाही. चुकलं तर मोटर दोन दिवस चालते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा धूर काढते.

म्हणून मोजणी सुरू झाली की नूरभाऊ दातात कडुनिंबाची एक काडी धरतात. दुकानात शिरणाऱ्या माणसाला ती काडी दिसली की त्याचं बोलणं उंबऱ्यावरच थांबतं. सरपंच आले तरी थांबतात. फर्म्याचा दांडा फिरत राहतो, तार सरसरत जाते, आणि दुकानात देवळासारखी, मशिदीसारखी, विहारासारखी शांतता असते. अठ्ठावन्न झाले की काडी दातातून निघून कानावर जाते आणि नूरभाऊ म्हणतात, "हं, बोला भाऊ."

अदीबा याच दुकानात वाढली. तिची आई जमीला शिवणकाम करायची आणि पोरगी सुईदोऱ्यापेक्षा तारेजवळ जास्त रमायची. सहा वर्षांची असताना तिनं एकदा अब्बांना विचारलं, "अब्बा, बकरीले दाढी काऊन असते?" नूरभाऊंना हसू आलं. ते हसले, काहीतरी उत्तर दिलं आणि मोजणी सुटली. चौतीस की पस्तीस, हे त्यांना आठवेना. अंदाजानं पस्तीस धरलं. ती मोटर देवरावभाऊंची होती. चौथ्या दिवशी देवराव ती सायकलच्या कॅरिअरला बांधून परत घेऊन आले. धान निसवायला आलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, धानाच्या बांधीत पाणी पाहिजे होतं. पण ते रागावले नाहीत, नुसते दारात उभे राहिले. ते उभं राहणं अदीबाला अजून आठवतं.

नूरभाऊंनी ती मोटर पुन्हा भरून दिली. मग त्यांनी निंबाची एक छोटी काडी तोडली, अदीबाच्या हातात दिली आणि म्हणाले, "दुकानात बसाचं असंल तर हे तुह्या दातात."

तिला ते मोठ्या मानाचं वाटलं. बापाच्या दातात काडी, लेकीच्या दातात काडी. दहाव्या वर्षी ती फेरे मोजायला लागली. बाराव्या वर्षी एक पूर्ण वेटोळं तिनं एकटीनं भरलं, आणि तिच्या दातात काडी पाहून देवरावभाऊंसारखा मोठा माणूस बोलता बोलता थांबला. त्या दिवशी अदीबाला काडीचा अर्थ कळला असं वाटलं. दातात काडी आहे तोवर बाकीच्यांनी गप्प राहायचं. हा अर्थ चुकीचा आहे हे समजायला तिला पुढं चार वर्षं लागली.

ती नववीत होती तेव्हा जिल्ह्याच्या कार्यालयातून शाळेत खोकी आली. त्यांत बोटाएवढ्या मोटरी होत्या, चाकं होती, रंगीत तारा होत्या, अंधार आणि उजेड यांतला फरक ओळखणारे काचेचे बारके डोळे होते. शाळेतल्या जुन्या धान्याच्या खोलीला रंग देऊन तिथं रोबोटिक्स क्लब सुरू झाला. विज्ञानाचे संघपाल सर प्रामाणिक माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरांनो, हे मलेही येत नाई. तुमच्यासोबतच शिकीन." मग त्यांनी विचारलं, "कथलाचा टाका कोणाले मारता येते?"

एकच हात वर गेला. अदीबानं दोन तारा जुळवल्या, तापल्या सळईचं टोक लावलं आणि कथलाचा थेंब असा बसवला की पहाटेच्या दवासारखा गोल, चकचकीत. सरांनी खोलीची एक किल्ली तिच्याच हातात दिली. तिनं तांब्याच्या तारेचं कडं करून ती गळ्यात घातली. अदीबा कप्तान झाली.

क्लबात बारा पोरं होती, पण नेमानं येणारी तीनच. आठवीतला नागसेन, ज्याचं तोंड गिरणीसारखं सतत चालू. त्याच्या बाकावरची अन्नपूर्णा, जिला कागदावर काहीही हुबेहूब काढता यायचं. आणि त्यांच्याच वर्गातली सुकरी. सुकरी जंगलाकडच्या गावातून मुलींच्या निळ्या बसनं यायची, खिडकीजवळ उभी राहायची आणि पूर्ण दिवसात जेवढं बोलायची तेवढं नागसेन एका श्वासात बोलून टाकायचा.

सरांनी एक दिवस विचारलं, "घरी असं कोणतं काम आहे, जे करता करता माय थकते?" पोरांनी पाणी सांगितलं, सरपण सांगितलं. सुकरी पायाच्या अंगठ्याकडं पाहत म्हणाली, "पुडे पलटवाचं."

ज्याला झाडीपट्टीतला मे महिना माहीत आहे त्याला पुढं सांगायला नको. पहाटे जंगलात जाऊन तेंदूची पानं तोडायची, घरी आणून त्यांचे पुडे बांधायचे आणि गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, ज्याला फळी म्हणतात, ते ओळीनं वाळत घालायचे. एका बाजूनं वाळले की एकेक पुडा वाकून पलटवायचा. हजारो पुडे, वर भट्टीसारखं ऊन आणि खाली तापलेली माती. सुकरीची आई संध्याकाळी सरळ उभी राहू शकायची नाही. तिचा बाप चैतू तिच्या कमरेला गरम विटेचा शेक द्यायचा.

"आपलं यंत्र पुडे पलटवंल," अदीबा म्हणाली. अन्नपूर्णानं त्याचं चित्र काढलं, नागसेननं बारसं केलं: पलट्या.

वर्षभर पलट्या बनत राहिला. खरं सांगायचं तर अदीबा बनवत राहिली. दार उघडून ती टेबलाशी बसायची, दातात काडी धरायची, आणि खोली चिडीचूप व्हायची. हात पुढं केला की कुणीतरी पकड द्यायचं, बोट दाखवलं की तार द्यायचं. नागसेन दारातूनच कुजबुजायचा, "आली काडी, थांबवा गाडी!" सगळे तोंडावर हात धरून हसायचे. अदीबाला ऐकू यायचं, पण काडी सोडायची नाही. एकदा सुकरी टेबलाजवळ आली, दोनदा तोंड उघडलं, काडीकडं पाहिलं आणि परत खिडकीशी गेली. अदीबानं ते पाहिलं आणि वायरकडं वळली. मनात आकडे चालू होते.

बाहेरचं कुणी खोलीत डोकावून विचारायचं, "हे कसं चालते रे पोट्टेहो?" तर पोरं एका आवाजात सांगायची, "अदीबाले माहीत!" ते ऐकलं की तिला आतून ऊब वाटायची, हिवाळ्यात चुलीजवळ बसल्यासारखी.

दहावीच्या डिसेंबरात चंद्रपूरला जिल्ह्याचं प्रदर्शन होतं. ऊर्जानगरची पोरं वीज कंपनीच्या बसनं, एकसारखे टी-शर्ट घालून आली होती. मोहबोडीची पोरं पलट्याला धान्याच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं आली. तेंदूचा हंगाम नव्हता म्हणून पळसाच्या पानांचे पुडे बांधले होते; वर्षभर सरावही त्यांच्यावरच झाला होता. सरावाचे पुडे मात्र रोज ताजे असायचे. इथं आणलेले पुडे दोन दिवस उन्हात खडखडीत वाळले होते.

काचेच्या डोळ्यांनी पांढरी दोरी हेरत पलट्या तिच्या रेघेवरून डौलात चालत गेला, पहिल्या पुड्याशी थांबला, पंजा उघडला, पुडा उचलला. आणि बंधनातून सगळी पानं निसटली. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याचंही. गुळगुळीत फरशीवर पानं भिरभिरत पसरली आणि पलट्या रिकामा पंजा हवेत पलटवत राहिला.

परीक्षक बाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्या खाली बसल्या, एक पान उचललं आणि नागसेनला विचारलं, "हा पंजा किती जोरानं धरतो, ते कुठं ठरतं?"

नागसेन सवयीनं बोलून गेला, "अदीबाले माहीत."

"ही हिरवी तार कशाची?"

अन्नपूर्णा म्हणाली, "अदीबाले माहीत."

बाईंनी सुकरीकडं पाहिलं. सुकरीनं नुसतं अदीबाकडं बोट केलं.

बाई उठल्या, पदराला लागलेलं पान झटकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या क्लबमध्ये एकच मुलगी आहे तर." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

परतीची बस मूल गावच्या थांब्यावरून निघाली. मग सुकरी, जणू खिडकीलाच सांगावं तशी, म्हणाली, "सुकला का पुडा आकसते. बंधन ढिल्लं होते."

अदीबा वळली. "तुले हे माहीत होतं?"

"हो. आमच्या इथी लहान पोट्ट्यालेबी माहीत असते."

"मंग सांगितलं काऊन नाई वो?"

सुकरीनं खिडकीकडून तोंड वळवलं. "तुह्या दातात काडी होती न ताई."

पंधरा दिवसांनी संघपाल सरांनी चौघांना बोलावून स्पष्ट सांगितलं. जिल्ह्याच्या कार्यालयाला वाटत होतं की मोहबोडीच्या पोरांना या सामानाचा उपयोग नाही. खोकी दुसऱ्या शाळेला द्यावीत. सरांनी विनवण्या करून मे महिन्यापर्यंत मुदत आणली होती. तेंदूच्या हंगामात साहेब स्वतः फळीवर येऊन पाहणार होते. यंत्र चाललं आणि ते पोरांना कळतं असं दिसलं, तर खोली राहील. नाहीतर कुलूप.

"आणि अदीबा," सर म्हणाले, "जूनमध्ये तू अकरावीले चंद्रपूरले जाशील. तू गेल्यावर या खोलीत कोण आहे, हेच ते पाह्यतीन."

त्या संध्याकाळी ती दुकानात येऊन धपकन बसली. "अब्बा, माह्या क्लबातल्या कोणालेच काई येत नाई. सगळं मलेच करा लागते, वरून बोलणे मलेच."

नूरभाऊ एका मोटरीचा स्टेटर, वेटोळी बसतात तो पोलादी गाभा, पुसत होते. "तू बोलू देतेस त्याईले?"

"काम करताना कसं बोलू देऊ? तुम्ही देता? काडी धरली का दुकानात कोण बोलते?"

नूरभाऊंनी फडकं खाली ठेवलं. लेकीकडं असं पाहिलं की जणू कुठंतरी फेरा सुटलेला त्यांना आत्ता सापडला. "बेटा, काडी मी लोकाईसाठी धरतो असं वाटते का तुले?"

"मंग?"

"लोक बोलले तं बोलू दे न. माहं तोंड उघडू नये म्हणून धरतो मी. त्या दिवशी तू बोलली म्हणून मोटर जळली नाई. मी उत्तर देलं म्हणून जळली. काडी ज्याच्या दातात, त्याच्यासाठीच असते. लोक थांबतात तो त्याईचा चांगुलपणा."

बाहेर एसटी येऊन गेली. दहा वर्षं जी गोष्ट अदीबा मानानं मिरवत होती ती तिनं मुळातच उलटी धरली होती. पुढचा अर्धा तास ती मोटरीचे बोल्ट रॉकेलमध्ये धूत राहिली, धुतलेलेच पुन्हा धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती काडी न घेता खोलीत गेली आणि म्हणाली, "बोला."

कुणी बोललं नाही. वर्षभर गप्प बसवलेली माणसं एका शब्दानं थोडीच बोलतात? नागसेन छताकडं पाहू लागला. अन्नपूर्णानं पेन्सिलीला टोक काढलं. अदीबाला वाटलं होतं की दार उघडलं की पाणी आपोआप वाहील. तसं झालं नाही. मग तिनं सळई नागसेनच्या हातात दिली. "टाका मार."

नागसेनचा पहिला टाका कावळ्याच्या शिटेसारखा पडला. पुढचे तीनही तसेच. अदीबाचे हात शिवशिवत होते. तिनं ते मांडीखाली दाबून ठेवले. पण सगळे घरी गेल्यावर तिला राहवलं नाही. तिनं ते चारही टाके वितळवून नव्यानं मारले आणि कुलूप लावलं.

सकाळी नागसेननं तार उचलून पाहिली. एकदा, दोनदा. "हा माहा टाका नोय."

"अरे, जरासा नीट..."

"मंग सगळंच नीट कर न बाप्पा तू. आमी कायले पाह्यजे? टाळ्या वाजवाले?" दप्तर खांद्यावर टाकून तो निघून गेला. चार दिवस आला नाही. गिरणी बंद पडलेल्या गावासारखी ती खोली झाली.

पाचव्या दिवशी अदीबा पलट्या उचलून त्याच्या घरी गेली. नागसेन अंगणात कोंबड्यांना कणी टाकत होता. त्याच्या समोर बसून तिनं कात्री काढली आणि आपले ते चारही सुंदर, दवासारखे टाके कापून टाकले. एकेक. मग सळई पुढं केली.

नागसेन बघत राहिला. "पागल आहेस का वो? आता तुही दहावीची परीक्षा तोंडावर आली न."

"म्हणूनच. तीन हप्ते मी येणार नाई. तुटलं तं कोण जोडंल?"

त्यानं सळई घेतली. टाका पुन्हा ओबडधोबड पडला. त्यानं ओढून पाहिला, निघाला नाही. "दिसाले बेकार आहे," तो म्हणाला, "पण पक्का आहे. माह्यासारखा." अदीबा हसली, आणि त्या हसण्यानं दोघांमधलं काहीतरी मोकळं झालं.

बोलणं सुरू झालं ते तिथून, आणि एकदा सुरू झाल्यावर आवरेना. खोलीत आता भांडणं व्हायची. पंजानं वाळका पुडा धरायचा तरी कसा, यावर दोन दिवस वाद चालला. तिसऱ्या दिवशी सुकरी टेबलाजवळ आली. अदीबानं दोन्ही ओठ घट्ट मिटून घेतले. काडी नव्हती, पण असल्यासारखीच.

"माय पुडा उचलतच नाई," सुकरी म्हणाली. "भाकर कशी सराट्यानं उलथवते, तसा उलथवते. खालून दोन बोटं घालते. देठाकडून. शेंड्याकडून घातली का पान फाटते."

अन्नपूर्णा लगेच चित्र काढायला लागली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तिनं दोन चपटी बोटं केली आणि पंजा कायमचा निघाला. अदीबानं तो पंजा बनवायला तीन महिने घालवले होते. तिनं तो कागदात गुंडाळून दप्तरात ठेवला आणि कुणाला काही म्हणाली नाही.

परीक्षा संपवून ती तीन आठवड्यांनी खोलीत आली तेव्हा पलट्या तिला ओळखू येईना. बॅटरी मागं गेली होती. हिरवी तार होती तिथं पिवळी होती. "हे कायची?" तिनं विचारलं, तर तिघंही एकदम सांगायला लागले आणि कुणाचंच नीट ऐकू येईना. आपल्याच घरी पाहुणी म्हणून गेल्यावर बाईला जसं होतं, तसं तिला झालं. थोडं बरं, थोडं परकं.

मे उजाडला. सुकरीच्या गावची फळी मोहाच्या दोन झाडांपलीकडं होती. जिथवर नजर जाईल तिथवर पुड्यांच्या ओळी, आणि वाळत्या पानांचा तो कडवट, ओळखीचा वास. सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन आत्ताच कपाळावर हात ठेवायला लावत होतं. चैतूभाऊंनी साहेबांसाठी बाज टाकली, मडक्यातलं पाणी दिलं. बाया काम थांबवून, पदर डोक्यावर ओढून गोळा झाल्या. साहेबांसोबत प्रदर्शनातल्या परीक्षक बाईही होत्या. त्यांनी चौघांना ओळखलं.

अदीबा वाटेतल्या निंबाखाली थांबली होती. तिनं एक काडी तोडून दातात धरली होती. नागसेन चपापला. "ताई, आज?"

तिनं मानेनंच सांगितलं: तुम्ही करा. आणि ती मागं, बायांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली.

पलट्या दोरीवर ठेवला. चार पावलं चालला आणि थांबला. नागसेननं बटण बंद करून चालू केलं. चाक थरथरलं, पण पुढं सरकलं नाही. खोलीत हजारदा चाललेला पलट्या, आज ज्या दिवशी चालायला पाहिजे त्याच दिवशी, उन्हात मांजरासारखा बसून राहिला.

अदीबाला तात्काळ कळलं. बॅटरीची तार. नागसेनचा टाका! बसच्या धक्क्यांनी सुटला असणार. दोन मिनिटांचं काम. तिचा एक पाय पुढं पडलासुद्धा. काडीवर दात रुतले, तोंडभर कडू रस आला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. एक बाई म्हणाली, "ह्या खटाऱ्यापरीस माहे हात बरे," आणि सगळ्या हसल्या. अदीबाचे डोळे भरून आले. खोली गेली, तिला वाटलं. एक शब्द बोलले तर वाचेल. पण ती बोलली नाही, आणि तो क्षण तिला सगळ्या परीक्षांपेक्षा लांब वाटला.

नागसेननं टाके ओढून पाहिले. "माहे टाके पक्के आहेत," तो म्हणाला, आणि या वेळी त्यात विनोद नव्हता. अन्नपूर्णानं चाकात माती आहे का पाहिलं. नाही. सुकरी पाहायला म्हणून पलट्याच्या पुढं वाकली, आणि पलट्या एकदम चालायला लागला. ती दचकून मागं सरली. तो थांबला.

ती पुन्हा वाकली. तो चालला.

"सावली!" सुकरी ओरडली. तिचा इतका मोठा आवाज तिच्या बापानंही कधी ऐकला नसेल. "त्याचे डोळे दिपून राह्यले! माह्या सावलीत दिसते त्याले. खोलीत ऊन नव्हतं न!"

मग कुणी कुणाला विचारलं नाही. सुकरीनं जवळच्या पुड्यातून एक रुंद पान ओढलं, अन्नपूर्णानं त्याला दुमडून छपरीसारखा आकार दिला, नागसेननं दोऱ्यानं ते काचेच्या डोळ्यांवर बांधलं. तेंदूच्या पानाची टोपी घातलेला पलट्या निघाला. पुड्याशी थांबला, पत्र्याची दोन बोटं देठाकडून आत गेली, आणि पुडा अलगद उलथला. एकही पान सुटलं नाही. दुसरा. तिसरा. मगाशी खटारा म्हणालेली बाई आता तोंडावर पदर धरून नुसती पाहत होती. "टोपी घालून कामाले आला वो!" ती म्हणाली.

पलट्यानं अकरा पुडे पलटवले. तेवढ्या वेळात सुकरीच्या आईनं पन्नास पलटवले असते, हेही खरं. साहेबांनी ते बोलून दाखवलं. सुकरी म्हणाली, "हो. पण माय थकते. हा थकत नाई. अन् आमी याले अजून शिकवून राह्यलो."

परीक्षक बाई घोळक्यातून वाट काढत अदीबासमोर आल्या. "कप्तान, तू एवढा वेळ मागं उभी. तो का थांबला होता, तुला कळलं होतं ना?"

अदीबानं काडी दातातून काढली. ती चावून चावून दातवणासारखी फुलली होती.

"नाई बाई," ती म्हणाली. "मले वाटलं टाका सुटला. मी गेली असती तं सगळ्या तारा उसकटून बसली असती." मग तिनं फळीकडं बोट केलं. "सुकरीले माहीत."

बाईंनी वही उघडली. या वेळी काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही, पण जाताना चैतूभाऊंना म्हणाल्या, "पोरगी शाळेत नीट पाठवा. खोली तिची वाट पाहील."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात अदीबा चंद्रपूरला निघाली. नूरभाऊ ट्रंक थांब्यावर ठेवून दुकानात परतले होते. एक मोटर उघडी पडली होती. बस यायला वेळ होता म्हणून ती शाळेत गेली. धान्याच्या जुन्या खोलीतून इतका कल्ला येत होता की बाजार भरल्यासारखं वाटावं. नवी सहा पोरं आली होती आणि नागसेन त्यांना एकाच वेळी चार गोष्टी सांगत होता.

अदीबानं सुकरीला बाहेर बोलावलं, गळ्यातलं तांब्याच्या तारेचं कडं काढलं आणि किल्लीसकट तिच्या गळ्यात घातलं. सुकरीनं किल्ली मुठीत धरली. मग म्हणाली, "ताई, ते काडीबी देऊन जा न."

"कायले?"

"नागसेन लय बोलते."

अदीबा हसली. "त्याच्या दातात नोय धराची वो ते. तुह्याच दातात धरा लागंल."

सुकरीनं खोलीकडं पाहिलं. आत नागसेनचा आवाज, अन्नपूर्णाचा आवाज, आणि त्या दोघांवर चढलेला एका नव्या पोराचा आवाज: काहीतरी चुकतंय, कुणीतरी त्याचं ऐकावं, असा. सुकरीनं आवारातल्या निंबाची खालची फांदी वाकवली, एक काडी मोडली आणि दातात धरली. मग ती आत गेली.

कल्ला कमी झाला नाही. अदीबा बसची वेळ होईपर्यंत तो ऐकत उभी राहिली.